चढावर मागे सरकणारी गाडी आणि अधांतरी टाच

वाचकाचे पत्र

माझे वय 53. मी इंदिरानगरमध्ये राहते आणि एका शाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडे नऊ वर्षांची, हाताने गिअर बदलायची पेट्रोल गाडी आहे आणि ती आजवर माझे यजमानच चालवत आले. दोन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू असल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी रात्री गाडी चालवायची नाही असे सांगितले, तेव्हा मी ड्रायव्हिंग क्लास लावला, परीक्षा दिली आणि परवाना मिळवला. क्लासच्या गाडीवर मला सगळे जमत होते. घरची गाडी मात्र दर सिग्नलला बंद पडते. चार महिन्यांपूर्वी रामकुंडाकडून मालेगाव स्टँडकडे येणाऱ्या चढावर पुढची वाहने थांबली म्हणून मी थांबले आणि निघताना गाडी मागे सरकून मागच्या रिक्षाला टेकली. कोणाला लागले नाही. रिक्षाचा पत्रा थोडा चेपला, त्याचे पैसे आम्ही तिथेच दिले. पण लोक जमले, हॉर्न वाजत राहिले, शेजारून यजमान 'क्लच सोड, रेस दे' असे ओरडत होते आणि माझा डावा पाय इतका थरथरत होता की तो माझ्या ताब्यातच नव्हता. तेव्हापासून मी किल्लीला हात लावलेला नाही. सीट पुढे घेतली की यांना नंतर पुन्हा लावावी लागते, म्हणून मी पाठीमागे उशी घेऊन बसते. तेवढे सोडले तर बाकी काही अडचण नाही. मुलगा म्हणतो, ही गाडी विकून ऑटोमॅटिक घ्या. माझी आई पेठला एकटी असते. सावळघाटातून तिच्याकडे स्वतः गाडी घेऊन जाता यावे, एवढीच माझी इच्छा आहे. या वयात हे जमेल का?

एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा उशीच्या वाक्यापाशी थांबले. 'तेवढे सोडले तर बाकी काही अडचण नाही' असे म्हणून तुम्ही ते बाजूला सारले आहे, पण माझ्या मते तुमच्या अडचणीचे मूळ बरेचसे तिथेच आहे. गेली 22 वर्षे मी नाशिकमध्ये गाडी चालवायला शिकवते आहे, माझ्याकडे येणाऱ्यांत चाळिशी ओलांडलेल्या बायकाच अधिक असतात, आणि 'डावा पाय थरथरतो' असे जी सांगते तिच्या गाडीत मी सर्वांत आधी तिची टाच कुठे आहे ते पाहते. यजमानांच्या उंचीला लावलेल्या सीटवर पाठीमागे उशी घेऊन बसले की शरीर बैठकीच्या पुढच्या कडेवर येते, मांडीला खालून आधार राहत नाही, आणि क्लच दाबताना जो जोर पायात जायला हवा त्यातला निम्मा उशी दबण्यातच खर्च होतो. मग क्लचपर्यंत पोचतात ती फक्त पायाची बोटे. टाच अधांतरी राहते आणि सबंध पायाचे वजन मांडीच्या स्नायूला पेलावे लागते. ओट्यासमोर चवड्यांवर उभे राहून वरच्या फळीवरचा डबा दोन मिनिटे तसाच धरून ठेवा, पोटऱ्या थरथरू लागतील. त्या विशीतल्या मुलीच्याही थरथरतात. त्या दिवशी चढावर तुमच्या पायाचे नेमके हेच झाले, आणि त्यात भीतीची भर पडली.

म्हणून पहिले काम गाडी सुरू करण्याचे नाही, सीट लावण्याचे आहे. उशी घरात ठेवा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद असताना, डाव्या पायाने क्लच तळापर्यंत दाबा आणि दाबलेलाच ठेवून सीट एकेक खटका पुढे घ्या. क्लच पूर्ण दाबलेला असतानाही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि पाठ सीटला पूर्ण टेकलेली असली पाहिजे. मग क्लच निम्म्यापर्यंत वर येऊ द्या. या ठिकाणी टाच खालच्या मॅटला टेकली तर सीट बरोबर लागली. पूर्ण दाबताना टाच थोडी उचलली गेली तरी चालते, पण सोडताना ती टेकलेली हवी, कारण सगळे नाजूक काम सोडतानाच असते. फार पुढेही येऊ नका. स्टेअरिंगच्या मध्यापासून छातीपर्यंत साधारण 25 सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडे अधिक अंतर ठेवा, कारण एअरबॅग उघडते ती फार जोरात उघडते. उंचीमुळे बॉनेट नीट दिसत नसेल तर सीट वर घेण्याची सोय आहे का ते पाहा, आणि नसल्यास बुडाखाली घट्ट, न घसरणारी बैठक घ्या. पाठीमागे काही नको. पायांत टाचेला पट्टा असलेले, पातळ सपाट तळव्याचे काहीतरी घाला. साध्या चपला पेडलखाली अडकतात आणि जाड तळव्यातून क्लच कळत नाही.

यजमानांच्या गैरसोयीचा प्रश्नही सोपा आहे. सीट पुढे घेताना रुळावर खटके ऐकू येतात ते मोजा. समजा पाच झाले, तर तुमच्यानंतर ते बसताना पाच खटके मागे घेतील, एवढाच तो हिशेब. दोघांनी गाडी चालवायची असेल तर सीट रोज हलणार, आरसे रोज हलणार, आणि ते तसे हलावेतच. गाडी दोघांची आहे हे सीटवरूनही दिसले पाहिजे, हे मी यजमानांना उद्देशूनही लिहिते आहे.

आता दुसरा मुद्दा. क्लासच्या गाडीवर सगळे जमत होते, असे तुम्ही लिहिता. तुमच्या मेहनतीला कमी न लेखता मला सांगावे लागते की ते सगळे एकट्या तुम्हाला जमत नव्हते. क्लासच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक असतो, आणि तो असावाच, कारण शिकवताना अपघात टाळायचा तर दुसरा उपाय नाही. पण त्याचा परिणाम असा होतो की विद्यार्थिनीचा क्लच जरा झपकन सुटला की मास्तर आपल्या पायाने तो अलगद सावरतात, गाडी बंद पडत नाही, आणि आपल्याला वाटते की आपणच तो नीट सोडला. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार हलक्या वाहनाच्या प्रशिक्षणाची मुदत किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे तास किमान 10 ठरलेले आहेत. हे 10 तास पूर्ण मिळाले असे धरले, तरी त्यातला बराच वेळ तुमच्या क्लचवर दुसऱ्याचाही पाय असतो. मी स्वतः शिकवताना शेवटचे चार दिवस माझे पाय मुद्दाम सीटखाली ओढून बसते आणि तसे विद्यार्थिनीला सांगते. त्या चार दिवसांत गाडी पुन्हा पहिल्या दिवसासारखी बंद पडू लागते, आणि खरे शिक्षण तिथून सुरू होते. तुमच्या वाट्याला ते चार दिवस आले नाहीत. घरच्या गाडीवर तुम्ही ते एकट्याने, भर रहदारीत, हॉर्नच्या कल्लोळात घालवत होता.

क्लच म्हणजे काय हे एकदा नीट समजले की पायाला काय करायचे ते कळते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. इंजिनाबरोबर सतत फिरणारी एक जड चकती असते आणि तिच्यासमोर गिअरच्या बाजूने, म्हणजे शेवटी चाकांशी, जोडलेली दुसरी चकती असते. पेडल दाबलेले असते तेव्हा त्या दोन्ही वेगळ्या असतात. इंजिन फिरत राहते, चाके थांबलेली राहतात. पेडल पूर्ण सोडलेले असते तेव्हा त्या एकमेकींना घट्ट चिकटून एकत्र फिरतात. या दोन्हींच्या मधे एक अरुंद पट्टा आहे, जिथे फिरणारी चकती थांबलेल्या चकतीला नुसती घासत घासत हळूहळू आपल्याबरोबर फिरवू लागते. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. उभी गाडी चालू लागते ती याच पट्ट्यात. तो पट्टा तुम्ही एका झटक्यात ओलांडलात, तर थांबलेल्या चाकांचे सगळे ओझे एकदम इंजिनावर पडते. मिनिटाला 700 ते 900 फेऱ्यांच्या गतीने नुसते गुरगुरणारे इंजिन ते ओझे पेलू शकत नाही. गाडी एक हिसका देते आणि बंद पडते. यात गाडीचे काही बिघडत नाही.

सरावासाठी अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतला एखादा आतला, रुंद, सपाट रस्ता निवडा आणि साप्ताहिक सुटीच्या दिवशी सकाळी लवकर तिथे जा. तिथपर्यंत गाडी यजमानांनी नेली तरी हरकत नाही. गाडी सुरू करा, क्लच दाबून पहिला गिअर घाला, हँडब्रेक सोडा आणि उजवा पाय ब्रेकवर नुसता ठेवा, अ‍ॅक्सिलरेटरला अजिबात हात, म्हणजे पाय, लावू नका. आता टाच टेकवून क्लच वर येऊ द्या, इतका हळू की मनात एक ते आठ मोजून व्हावेत. चार-पाचच्या आसपास इंजिनाचा आवाज किंचित खाली बसेल, फेऱ्यांचा काटा जरासा झुकेल, स्टेअरिंगवर ठेवलेल्या बोटांना बारीक कंप जाणवेल. तिथे पाय थांबवा. दोन सेकंद काहीही करू नका. उजवा पाय ब्रेकवरून उचला, आणि गाडी आपली आपण, मुंगीच्या पावलाने पुढे निघेल. सपाट रस्त्यावर पेट्रोल गाडीला निघायला अ‍ॅक्सिलरेटर लागत नाही, ही गोष्ट ज्या दिवशी पायाला पटते त्या दिवशी निम्मी भीती जाते. चार-पाच पावले गेल्यावर क्लच उरलेला सोडा, मग पुन्हा क्लच आणि ब्रेक दाबून थांबा. असे वीस वेळा करा. दर पाच-सहा वेळांनंतर काही मिनिटे विश्रांती घ्या, कारण हाफ क्लचमध्ये चकत्या घासून तापतात. जळका, उग्र वास आला तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच, आणि तिसऱ्या दिवशीही. रस्त्यावर जायची घाई या तीन दिवसांत करू नका, चौथ्या दिवशी अ‍ॅक्सिलरेटर आपोआप सोपा वाटेल.

या सरावात आणखी एक गोष्ट कळेल. तुमच्या गाडीचा क्लच कुठे पकडतो, ते क्लासच्या गाडीपेक्षा वेगळे असेल. प्रत्येक गाडीचे वेगळे असते आणि चकती झिजत जाते तशी ही जागा बहुतेक गाड्यांत वर सरकत जाते. गाडी नऊ वर्षांची आहे. क्लच अगदी शेवटी, पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावरच पकडत असेल, किंवा चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही असे होत असेल, तर चकती बदलायला झाली आहे. ती आधी बदलून घ्या. झिजलेल्या क्लचवर शिकणे म्हणजे बोथट विळीवर भाजी चिरायला शिकणे. हँडब्रेकही तपासून घ्या. लीव्हर खूप वर ओढूनही गाडी उतारावर धरत नसेल, तर गॅरेजमध्ये केबल ताणून घेणे हे छोटे काम आहे, आणि पुढे मी जे सांगणार आहे ते सर्व त्या केबलवर अवलंबून आहे.

'नाशिक नव टेकांवर वसविले' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. गावाची जुनी वस्ती खरोखरच नदीकाठच्या टेकाडांवर आहे, त्यामुळे घाटावरून वर यायचे म्हटले की कुठून तरी चढ लागणारच, तोही अरुंद आणि गर्दीचा. नाशिकमध्ये गाडी शिकायची तर चढावर थांबून पुन्हा निघणे टाळता येत नाही. केंद्रीय नियमांत परवान्याच्या चाचणीसाठी जी कौशल्ये नमूद आहेत, त्यांतही हे आहे: खड्या चढावर थांबून, हँडब्रेकचा किंवा अ‍ॅक्सिलरेटर व ब्रेकचा योग्य वापर करून, गाडी मागे न सरकू देता पुन्हा निघता आले पाहिजे.

त्या दिवशी काय चुकले ते पाहा. तुम्ही ब्रेक दाबून उभ्या होता. निघायचे म्हणून उजवा पाय ब्रेकवरून उचलून अ‍ॅक्सिलरेटरकडे नेलात. हा प्रवास एखाद्या सेकंदाचा असतो, पण त्या सेकंदात ब्रेकही नाही आणि क्लचनेही अजून पकडलेले नाही; गाडीला धरणारे काहीच नाही, म्हणून ती मागे येते. ती मागे येते म्हणून आपण घाबरतो, क्लच झटक्यात सोडतो, इंजिन बंद पडते आणि गाडी आणखी मागे येते. सराईत चालक हा सेकंद क्लचवर सांभाळतात, कारण त्यांच्या डाव्या पायाला पकडीची जागा डोळे मिटून सापडते. तुमच्या पायाला ती सापडेपर्यंत हँडब्रेक हा तुमचा तिसरा पाय आहे असे समजा.

चढावर थांबलात की हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मगच उजवा पाय ब्रेकवरून काढा. पहिला गिअर घातलेला असू द्या, क्लच दाबलेला. पुढचे वाहन हलले, तरी घाई करू नका. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून इंजिनाचा आवाज किंचित चढवा, काटा 1500 च्या आसपास, आणि तो आवाज तिथेच स्थिर ठेवा. आता टाच टेकवून क्लच वर येऊ द्या. आवाज खाली बसू लागेल आणि बॉनेटचा पुढचा भाग जरासा उचलला गेलेला दिसेल. गाडीला पुढे जायचे आहे, हँडब्रेकने तिला धरून ठेवले आहे. हा क्षण ओळखायला शिका, सगळी विद्या इथे आहे. दोन्ही पाय होते तिथेच गोठवा, हँडब्रेकचे बटण दाबून लीव्हर खाली करा, आणि गाडी एक बोटही मागे न येता पुढे निघेल. लीव्हर खाली केल्यावर गाडी मागे जाऊ पाहते आहे असे वाटले तर याचा अर्थ क्लच अजून पुरता पकडलेला नव्हता. तेव्हा क्लच सोडायचा नाही, उजव्या पायाने ब्रेक दाबायचा, हँडब्रेक ओढायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या. हॉर्नने तुमच्या गाडीला काही होत नाही.

हा सराव आधी सौम्य चढावर करा. मागे-पुढे कोणी नसलेला, एखाद्या मोकळ्या वसाहतीतला रस्ता पुरेसा आहे. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'चालक नवीन आहे, अंतर ठेवा' असा कागद लावा. यात कमीपणा काही नाही आणि लोक खरोखर अंतर ठेवतात. सौम्य चढावर वीस वेळा जमले की मग रविवारी सकाळी, गर्दी नसताना, रामकुंडाकडून मालेगाव स्टँडच्या त्याच चढावर जा. त्याच जागी एकदा मुद्दाम थांबा आणि निघा. ही एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. ज्या जागेने घाबरवले तिला वळसा घालायची सवय लागली की हळूहळू वळसे वाढत जातात, आणि एक दिवस गाडी पार्किंगमध्येच राहते.

गाडी बंद पडली तर काय करायचे, याचा क्रम मात्र घरी बसूनही घोकता येतो: क्लच आणि ब्रेक दोन्ही तळापर्यंत, हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, किल्ली, पुन्हा पहिला गिअर. क्लच न दाबता आणि गिअरमध्ये असताना किल्ली फिरवली तर गाडी उडी मारते. गर्दीत बहुतेक धक्के लागतात ते बंद पडण्याने नव्हे, या उडीने. सिग्नलला लाल दिवा लांबलचक असेल तर न्यूट्रल करून क्लच सोडून द्या. द्वारकेसारख्या चौकात गाड्या हातभर पुढे सरकतात आणि थांबतात. तिथे प्रत्येक वेळी मागोमाग सरकायची गरज नाही. पुढे एका गाडीची जागा होऊ द्या, मग एकदाच निघा. पाय दमत नाही आणि क्लचही टिकतो. गाडी चालत असताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवय लावून घेऊ नका. गिअर बदलून झाला की पाय बाजूला, मॅटवर.

गिअर बदलण्याबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, म्हणजे ते जमत असावे. एवढेच सांगते की न्यूट्रलमध्ये लीव्हर आपणहून तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या रांगेत येऊन उभा राहतो, त्यामुळे दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तो मुठीत आवळून ढकलायचा नसतो. न्यूट्रलमध्ये आणून सैल सोडायचा आणि सरळ पुढे न्यायचा. रिव्हर्स मात्र गाडी पूर्ण थांबल्यावरच घालायचा.

आता यजमानांविषयी. त्यांच्या डोळ्यांचे दुखणे, हातातून सुटत चाललेली गाडी आणि शेजारी बसून काहीही करता न येण्याची अवस्था, हे सगळे त्यांच्यासाठीही सोपे नसणार. ते ओरडले ते भीतीने, याबद्दल मला शंका नाही. पण 'क्लच सोड, रेस दे' हे त्या क्षणी तुम्हाला मिळालेले सर्वांत चुकीचे सांगणे होते. वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्याचे हे ज्ञान पायात उतरलेले असते, शब्दांत नसते. त्यांचा पाय क्लच कधीच 'सोडत' नाही, पकडीशी आणून थांबवतो. पण ते थांबणे त्यांना स्वतःला जाणवत नाही, म्हणून तोंडून निघते ते फक्त 'सोड'. शिवाय कानांवर पडलेली सूचना पायापर्यंत पोचते तोवर तिची वेळ टळून गेलेली असते. त्यांच्याशी घरी, चहाच्या वेळी, शांतपणे बोला. पहिले पंधरा दिवस त्यांनी मागच्या सीटवर बसावे आणि खरोखरच धडकायची वेळ आली तर 'थांब' हा एकच शब्द उच्चारावा, असे ठरवून घ्या. त्यांना ते जमणार नसेल, तर पाच-सहा दिवसांसाठी एखादे प्रशिक्षक तुमच्याच गाडीवर शिकवायला बोलवा. अनेक क्लास ही सोय देतात, आणि तुमच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी काहीच नसल्यामुळे क्लच सर्वस्वी तुमचाच राहील. तुमच्याकडे पक्का परवाना आहे, तेव्हा शेजारी परवानाधारक बसलाच पाहिजे अशी कायद्याची अट तुम्हाला लागू नाही. ती शिकाऊ परवान्यासाठी असते.

मुलाचे म्हणणे चुकीचे नाही. ऑटोमॅटिक गाडी रोजच्या रहदारीत सुखाची असते, गुडघे दुखत असतील किंवा डाव्या पायाला काही इजा असेल तर मी ती निःसंकोच घ्यायला सांगते, आणि आपल्याकडे त्यासाठी वेगळा परवानाही लागत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. स्वस्त ऑटोमॅटिक गाड्यांत पुष्कळदा एएमटी असते, म्हणजे क्लच असतोच, तो यंत्र दाबते. चढावर धरून ठेवण्याची वेगळी सोय नसेल तर अशी गाडीही ब्रेक सोडल्यावर मागे येऊ शकते. आणि दुसरे असे की आज हरल्यासारखे वाटून गाडी बदललीत, तर ती चढाची आठवण नव्या गाडीतही तुमच्याबरोबर बसेल. तीन महिने या गाडीवर नीट बसून, नीट सराव करा. त्यानंतर सोयीसाठी ऑटोमॅटिक घ्यावीशी वाटली तर जरूर घ्या.

वयाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, त्याला उत्तरही थोडक्यात देते. कायद्याने कमाल वयाची मर्यादा घातलेली नाही. 51 व्या वर्षी काढलेला तुमचा परवाना वयाच्या साठीपर्यंत चालेल आणि पुढे नूतनीकरण करता येईल. माझ्या अनुभवात पन्नाशीतल्या बायकांना शिकायला विशीतल्या मुलींपेक्षा थोडे अधिक दिवस लागतात, पण त्या आरसे पाहतात, अंतर ठेवतात आणि उगाच वेग घेत नाहीत.

सावळघाटाची घाई करू नका. शहरात महिनाभर एकटीने फिरा, मग गंगापूर धरणाकडे किंवा त्र्यंबकच्या रस्त्याला दोन-तीन फेऱ्या करा. पेठची पहिली फेरी कोरड्या दिवशी, सकाळी निघून करा, आणि परतीला अंधार पडायच्या आत घाट ओलांडून व्हा. पावसाळ्यातले धुके आणि रात्र ही दोन्ही पुढच्या वर्षासाठी ठेवा. घाट चढताना इंजिन कण्हू लागण्याआधीच गिअर खाली घ्या, कण्हू लागल्यावर घ्यायला उशीर झालेला असतो. उतरताना, जो चढ तुम्ही ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतरा, बहुतेक दुसऱ्या किंवा तिसऱ्या. इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेक अधूनमधूनच लावावा लागतो. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापून लागेनासे होतात. पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रल करणारे किंवा इंजिन बंद करून उतरणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांचे ऐकू नका, कारण इंजिन बंद झाले की ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही जड होतात. अरुंद वळणावर समोरून कोणी चढत येत असेल तर उतरणाऱ्याने थांबून त्याला वाट द्यायची असते. आणि मागे एखादा ट्रक हॉर्न वाजवू लागला तर जागा दिसेल तिथे डावीकडे घेऊन त्याला पुढे जाऊ द्या.

आईच्या दारात जागा उतरती असेल तर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवा. तोंड चढाकडे असेल तर पहिल्या, उताराकडे असेल तर रिव्हर्समध्ये, आणि गाडी ज्या बाजूला घरंगळू शकते त्या बाजूने चाकाला एक दगड लावा. सीट मात्र तशीच राहू द्या, परत येतानाही तुम्हालाच चालवायचे आहे.